पाठीशी उभा

१२ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून पुन्हा रोजनिशी. नोकरीत असताना रोज लिहीत होतोच, पण ती सरकारी. तिच्यात 'सर्व शांत' याच्यापलीकडे काही लिहायची सोय नव्हती. ही खासगी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारणही नाही.

बातमी मोठी आहे. तुरुंगातून सुटणाऱ्या लोकांसाठी पोलीस, तुरुंग खातं आणि एक सामाजिक संस्था यांनी मिळून समिती काढली आहे. समन्वय समिती. सुटलेल्या प्रत्येक माणसाला एक सोबती द्यायचा. सोबत्याने त्याला काम, खोली, कागदपत्रं मिळवायला मदत करायची आणि तो परत आत जाणार नाही हे बघायचं. निवृत्त जेलर म्हणून मला बोलावणं आलं. येणारच. जन्म गेला माझा या माणसांना आत ठेवण्यात. बाहेर ठेवणं म्हणजे तेच काम, फक्त भिंत नाही.

संस्थेच्या ताई म्हणाल्या, काका, तुम्ही आलात ते फार बरं झालं, तुम्हालाही जरा बदल होईल. मला बदलाची गरज काय? पण बाई चांगल्या आहेत, सोडून दिलं.

परिपत्रकातलं एक वाक्य मी लाल पेनने अधोरेखित केलं आहे. 'सोबत्याने सुटलेल्या व्यक्तीच्या पाठीशी सदैव खंबीरपणे उभे राहावे.' याला म्हणतात स्वच्छ आदेश.

सर्व शांत.

१५ नोव्हेंबर

माझ्या वाट्याला शिंपी आला. आत असताना कापडाच्या कारखान्यात मशीनवर होता म्हणून शिंपी. खरं नाव आहे, पण ते कोर्टापुरतं. तरुणपणी कुठल्याशा भांडणात एकाला ढकललं, तो पायरीवर डोकं आपटून पडला आणि उठलाच नाही. तेव्हा शिंप्याची मुलगी रांगत होती. पुढे तिची आईही गेली. मुलगी मामाने वाढवली, आता कॉलेजात आहे.

शिंप्याचं मागणं एकच. मुलगी आपल्याकडे राहायला यावी. मामाची हरकत नाही, पण अट आहे. काही महिने बघू म्हणतो. कामाला टिकतो का, शेजारीपाजारी काय म्हणतात, दारात नको ती माणसं येतात का. ताईंनी हे समितीपुढे मांडलं आणि सगळ्यांचं एकमत झालं की बाकी सगळं बाजूला, ही मुलगी घरी आली की आपण जिंकलो. मी म्हटलं, आलीच समजा.

सकाळी त्याला आणायला फाटकावर गेलो. मला बघून ताठ उभा राहिला. मी म्हटलं चल. तर हलेना. मग लक्षात आलं. कैदी पुढे, आपण मागे, ही इतक्या वर्षांची चाल. मी बाजूला झालो, तो पुढे निघाला, मी मागे. बसस्टॉपपर्यंत तसेच गेलो. फार बरं वाटलं. वाटेत त्याने दोन-तीनदा वळून पाहिलं. साहेब आहेत ना, याची खात्री करत असणार.

१८ नोव्हेंबर

काम मिळालं. बाजारामागच्या गल्लीत कपडे शिवायचं दुकान आहे, मालक ताईंच्या ओळखीचा. खोलीही त्याच गल्लीत. एक खिडकी, एक दार, समोर दिव्याचा खांब. समितीतल्या पोलीस इन्स्पेक्टर मॅडम जाऊन बघून आल्या, त्याही साध्या कपड्यांत, आणि दुकानात पाच मिनिटं थांबून एक चेन बदलून घेऊन निघाल्या. वर्दी पाहून लोक बिचकतात म्हणे. मॅडम हुशार आहेत, पण वयाने लहान. पाच मिनिटांत पाठिंबा होत नाही.

मी दुकान उघडल्यापासून होतो. लोक पाठीशी उभे आहोत म्हणतात, चार गोड शब्द बोलतात आणि घरी जाऊन जेवतात. मी खरोखर उभा राहिलो. त्याच्या खुर्चीमागे, हात पाठीमागे बांधून, मशीनवर नीट नजर राहील असा. शिवण एकदा वाकडी गेली, मी खाकरलो. मग परत वाकडी गेली. सवय सुटली आहे त्याची. उद्यापासून जास्त वेळ द्यावा लागेल.

एक बाई माप द्यायला आल्या होत्या. माझ्याकडे बघून, नंतर येते म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी

दिवेलागणीची वेळ वाईट. आत याच वेळेला गिनती असायची. ओळीने माणसं उभी, मी समोरून जाणार, आणि एकेक जण म्हणणार, आहे साहेब. गिनती जुळली की कुलूप, कुलूप लागलं की दिवस संपला. घरी दिवस संपतच नाही. काल या वेळेला मी हॉलच्या दारातून बायकोला हाक मारली. ती म्हणाली, काय आहे? आता आहे म्हणणं आणि काय आहे म्हणणं यात फरक आहे. तो तिला समजावून सांगता येईना.

म्हणून आज शिंप्याच्या गल्लीत गेलो. खांबाजवळ उभं राहून खिडकीकडे तोंड करून म्हटलं, शिंपी. आतून लगेच आवाज आला, आहे साहेब. जीव भांड्यात पडला. म्हणजे त्याचा. ही सवय एकदम तोडणं चांगलं नाही, माणूस बिथरतो. त्याच्या भल्यासाठी रोज जायचं ठरवलं आहे.

२४ नोव्हेंबर

घरी एक क्षुल्लक प्रकार झाला. लिहायचं कारण नाही, पण नियम म्हणजे नियम.

दुपारी बायको झोपली होती. मी समितीच्या बैठकीला निघालो. बैठक, मग दुकान, मग गल्ली, असं करून दिवे लागल्यावर परतलो. बघतो तर झोपण्याच्या खोलीला बाहेरून कडी. मीच लावली असणार, हाताला सवय आहे. उघडली. ती पलंगाच्या कडेला बसली होती, दिवा न लावता. ओरडली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, मी आत आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?

म्हटलं, अगं माहीत होतं म्हणून तर लावली.

त्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. असं माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं, म्हणजे बाहेरच्यांपैकी.

सर्व शांत.

२६ नोव्हेंबर

बायको बहिणीकडे गेली, चार दिवस. बरं झालं. मला कामाला मोकळीक. घर नीट ठेवायचा संकल्प. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खोल्यांतून एक फेरी. प्रत्येक दार आधी बोटभर उघडायचं, आत बघायचं, मग शिरायचं. स्वयंपाकघर: रिकामं. झोपण्याची खोली: रिकामी. मागची खोली: रिकामी. अहवाल सोपा आहे.

३० नोव्हेंबर

बैठकीत गंभीर विषय निघाला. शिंप्याच्या गल्लीतल्या लोकांनी मॅडमकडे तक्रार केली आहे. रोज संध्याकाळी एक माणूस खांबाजवळ उभा असतो. काही करत नाही, नुसता उभा. मुलं त्या बाजूने खेळायला जाईनाशी झाली आहेत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या आईने तर तो माणूस नाहीच, असं सांगून टाकलं आहे. म्हातारी म्हणते, त्याच्या खाकरण्याचा आवाज येतो आणि मग अंगावर काटा येतो.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मॅडमही. साहजिक आहे, असल्या बाबतीत अनुभवी माणूस मीच. मी उभा राहून सांगितलं की हा माणूस मुलीच्या येण्यात मोठा अडथळा आहे. मामाच्या कानावर गेलं तर सगळं मुसळ केरात. तेव्हा याला पकडायची जबाबदारी माझी. मॅडम काही बोलायला गेल्या, पण ताईंनी त्यांच्या हाताला हात लावला. कौतुकाने असेल.

मला त्या माणसाचा मनापासून राग आला आहे. एका बापाची मुलगी घरी येणार, आणि हा मध्येच.

३ डिसेंबर

वर्णन मिळालं. उंच, थोडा वाकलेला, तपकिरी स्वेटर, हात पाठीमागे, मिशा. अगदीच सामान्य वर्णन. असे पन्नास सापडतील. मिशा किती मोठ्या, असं इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, असतील बऱ्यापैकी. माझ्याइतक्या भरघोस काही नसणार.

रोज संध्याकाळी खांबाजवळ पाळत ठेवतो आहे. अजून एकदाही आलेला नाही. मी असलो की येत नाही. वचक म्हणतात तो हाच.

शिंप्याने आज हाकेला उत्तर द्यायला उशीर केला. मी पुन्हा हाक मारली. मग म्हणाला, आहे साहेब. आवाज बसलेला होता. सर्दी असावी.

६ डिसेंबर, सकाळी

मॅडमनी माझ्या मदतीला एक शिपाई दिला. काल तो गल्लीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. नवा पोरगा, पण नम्र. मला सॅल्यूट केला, मग बराच वेळ आम्ही दोघं वाट बघत उभे. शेवटी तो म्हणाला, साहेब, तुम्ही घरी जाता का? मी म्हटलं, आणि संशयित आला तर? तो म्हणाला, साहेब, तुम्ही गेलात तर नाही येणार तो. मी त्याला समजावलं की पोलिसात अशी अंधश्रद्धा चालत नाही. मान खाली घालून ऐकत होता. मुलगा पुढे जाईल.

९ डिसेंबर, दुपारी

बायकोचे चार दिवस लांबले आहेत. फोन केला होता. संशयिताची सगळी हकिकत तिला सांगितली. ती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, काही नाही, जेवलात का? मग कधी येतेस विचारलं. म्हणाली, बघू. हा बघू मला ओळखीचा आहे. कैदी अर्ज घेऊन यायचे तेव्हा मी हाच द्यायचो.

काल दिवे लागायच्या वेळेला जरा अंग कणकणत होतं, म्हणून गल्लीत गेलो नाही. घरीच फेरी मारत होतो. मागच्या खोलीच्या दाराशी आलो आणि आतून स्पष्ट आवाज आला. आहे साहेब.

दार बोटभर उघडलं. रिकामी. पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं. नळातली हवा असावी. जुन्या इमारतीत अशी हवा धरते. तरी स्वेटर चढवला आणि गल्लीत जाऊन आलो. आत बसवेना.

११ डिसेंबर

माझ्या मागे कोणीतरी चालतं. बाजारात जाणवलं, बँकेतून येताना जाणवलं. थांबलो की थांबतं. मानेवर नजर असल्यासारखं वाटतं आणि मग आपण नेहमीसारखे चालूच शकत नाही. हात कुठे ठेवायचे कळत नाही. भाजी घेताना सुटे पैसे खाली पडले. माणसाला असं जगता येत नाही. मला शिंप्याची दया आली. त्यालाही त्या खांबावाल्यामुळे असंच वाटत असणार.

शेवटी एकदम वळलो. तो पोलीस शिपाई निघाला, साध्या कपड्यांत, हातात कोथिंबिरीची जुडी. माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. म्हणजे मॅडमनी मला गुपचूप संरक्षण दिलं आहे. डोळ्यांत पाणी आलं. निवृत्त माणसाची इतकी काळजी कोण करतं?

१४ डिसेंबर, रविवार

आज मुलगी आली. पहिल्यांदाच बापाच्या खोलीत, जेवायला. मामा सोडून गेला, संध्याकाळी घ्यायला येणार होता. महत्त्वाचा दिवस, म्हणून मी आधीपासूनच खांबाजवळ जाऊन उभा राहिलो. खिडकी अर्धी उघडी होती. त्याने टेबलावर नवं कापड अंथरलं होतं, स्वतः शिवलेलं, कडेला निळी पट्टी. मुलगी बापावर गेली आहे, बोलताना मान तशीच तिरकी करते. दोघं आधी गप्प होती. मग तिने काहीतरी सांगितलं आणि शिंपी हसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

मला वाटलं, एवढ्या चांगल्या वेळी आपण आहोत हे त्याला कळावं. हलकेच खाकरलो.

शिंप्याचा हात घास घेऊन जागीच थांबला. हसू गेलं. मुलीने विचारलं, बाबा, बाहेर कोण आहे?

तो म्हणाला, कोणी नाही.

आणि उठून खिडकी लावून घेतली. सावकाश, आवाज न करता.

पाठीराख्याचं काम असं पडद्यामागेच राहायला हवं, हे त्याला न सांगता समजलं. माझं नावही निघू दिलं नाही. त्याचा स्वभाव मुळातच चांगला.

पण घरी येईपर्यंत ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. अजून जात नाहीत. कोणी नाही म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं होतं. अगदी सरळ.

१६ डिसेंबर

घात झाला. मुलगी वाटेत मामाला म्हणाली की खांबाजवळ एक माणूस होता आणि बाबा त्याला घाबरतात. आता मामा म्हणतो, अशा ठिकाणी मी भाचीला पाठवणार नाही. ताईंनी फोनवर सांगितलं. मी संतापून म्हटलं, म्हणजे तो नालायक रविवारीही आला होता, आणि मी तिथे असताना मला दिसला नाही? ताई म्हणाल्या, काका, तुम्ही काही दिवस तिकडे जाऊ नका, प्लीज. माझ्या तब्येतीची काळजी. म्हटलं, ताई, आता तर पाठ सोडून चालणारच नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जगाला दिसत नाही. त्या माणसाचं तसंच आहे. एक दिवस त्याचं तोंड मी त्याला दाखवणार आहे.

१९ डिसेंबर

दुकानाच्या मालकाने मला बाहेर बोलावलं. आधी हवापाण्याच्या गप्पा. मग म्हणाला, साहेब, राग मानू नका, पण तुम्ही मागे उभे राहता ना, गिऱ्हाईक आत येत नाही. बायका तर नाहीच. शिंपी हाताचा चांगला आहे, पण तुम्ही असलात की त्याची सुई मोडते. मला एकतर तुम्हाला सांगावं लागेल नाहीतर त्याला काढावं लागेल.

मी म्हटलं, तुला जे सांगायचं ते समितीला लेखी सांग.

आत येऊन शिंप्याला विचारलं, मी मागे उभा राहतो त्याचा तुला त्रास होतो का? मशीन थांबलं. त्याने वळून बघितलं नाही. म्हणाला, नाही साहेब. मग आणखी हळू म्हणाला, मी कसं हो म्हणणार, साहेब?

नाही म्हणाला. स्वतःच्या कानांनी ऐकलं. मालकाचं लक्षात ठेवलं आहे.

संध्याकाळी गल्लीत हाक मारली. उत्तर नाही. खिडकीत उजेड होता, कापडावर कात्री फिरल्याचा आवाज येत होता. पुन्हा मारली. कात्री थांबली. उत्तर नाही. बराच वेळ थांबलो. पाय भरून आले. आपल्याला हाका मारायला काय एकच माणूस आहे, असं स्वतःला म्हणत घरी आलो. वाटेत दुसरं कोणी आठवेना.

२२ डिसेंबर

घरात चोरी. बाजारातून परत येऊन फेरी मारताना लक्षात आलं. स्वयंपाकघरातून कुकर गायब, दोन पातेली गायब, पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर आणि दोन उशा गायब. कुलूप शाबूत. म्हणजे किल्ली आहे त्याच्याकडे. संशयित आता माझ्या घरापर्यंत पोचला. शिंप्याला झपाटून झालं, आता माझ्या पाठीस लागला आहे.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, साहेब, ती चोरी नाही, काळजी करू नका. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? त्या म्हणाल्या, बैठकीत सांगू. मी विचारलं, बैठक कधी? त्या म्हणाल्या, झाली.

मला न बोलावता बैठक. हा समन्वय. या देशात एका खात्याला दुसऱ्या खात्याचा पत्ता नसतो हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.

दार आतून दोनदा तपासलं. खुर्ची लावून ठेवली आहे.

२५ डिसेंबर, सकाळी

दुकानात शिंप्याच्या मशीनवर दुसराच माणूस. मालक ताकास तूर लागू देईना. गल्लीत गेलो. खोलीला कुलूप नाही, दार नुसतं लोटलेलं. बोटभर उघडून बघितलं. रिकामी. भिंतीत खिळा, जमिनीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे. कोपऱ्यात झाडू नीट उभा करून ठेवलेला. जाताना जागा झाडून द्यायची ही आतली शिस्त. माझीच शिस्त.

खोलीत बराच वेळ होतो. आत असताना कोणी पळालं की आधी शिटी वाजायची. इथे शिटी कोण वाजवणार?

इस्त्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, काल टेम्पो आला होता, पोलीस मॅडम स्वतः सामान चढवत होत्या. मुलगीही होती. आणि तुमच्या घरच्या बाई होत्या, त्यांनी प्रवासाला डबा दिला. मी म्हटलं, माझ्या घरच्या? तो म्हणाला, हो, कुकर पण त्यांनीच आणला. त्याची आई आतून म्हणाली, गेला म्हणावं, आता तो पण यायचा नाही. मी विचारलं, तो कोण? म्हातारीने बाहेर येऊन मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिचे डोळे अधू आहेत, तरी तिला काय दिसायचं ते दिसलं. आत गेली.

मुलगी होती, असं तो म्हणाला. मी पुन्हा विचारून घेतलं. होती. बॅग घेऊन. पुढे बसली, बापाशेजारी.

म्हणजे मुलगी घरी आली. काम फत्ते. माझ्या देखरेखीखाली सुरू झालेलं काम.

२८ डिसेंबर, संध्याकाळी

दोन दिवस लिहिलं नाही. कणकण होती.

आज ताईंचा फोन आला. स्वयंपाकघरात उभ्यानेच घेतला. मी आधी अभिनंदन केलं, मग अधिकाराने विचारलं, शिंपी कुठल्या गावाला गेला, सोबत्याला पत्ता कळायला हवा.

ताई म्हणाल्या, काका, तुम्हाला पत्ता द्यायचा नाही असं ठरलं आहे.

विचारलं, कोणी ठरवलं?

म्हणाल्या, सगळ्यांनी. मॅडमनी तिकडच्या ठाण्याशी बोलून ठेवलं, मी तिकडच्या संस्थेतून खोली बघितली, मालकाने ओळखीचं दुकान दिलं, मामाने परवानगी दिली. काकू पण होत्या बैठकीला. त्याच म्हणाल्या की यांना कळू देऊ नका, हे चालत जातील.

इतक्या वर्षांत मी दोन खाती एका मताची झालेली पाहिली नव्हती. झाली ती माझ्यावरून.

मी म्हटलं, ताई, तो खांबाजवळचा माणूस पकडला गेला असता तर ही वेळ आली नसती. ताई काही बोलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. त्या नुसत्या थांबल्या. आजारी माणूस स्वतःहून बोलेल म्हणून डॉक्टर थांबतो तशा. आणि त्या शांततेत मला माझाच श्वास फोनमध्ये ऐकू आला, खिडकीपाशी कोणी उभं असावं तसा. मग मी खाकरलो. तो आवाज मला ओळखू आला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही.

शेवटी विचारलं, बायको कधी येते म्हणाली? ताई म्हणाल्या, ते त्यांना विचारा, पण साधं विचारा, हजेरी घेतल्यासारखं नको. मग विचारलं, शिंपी काही म्हणाला का, जाताना?

हो म्हणाल्या. टेम्पोत चढून बसला होता, मग परत खाली उतरला. म्हणाला, साहेबांना सांगा, मुलगी आली. आणि म्हणावं, फार दिवस उभे आहात, आता बसा.

फोन ठेवला. बाहेर दिवे लागले होते. खुर्ची अजून दाराला टेकवलेली होती. ती ओढून टेबलाजवळ घेतली आणि बसलो.

बसल्यावर पुढे काय करायचं असतं, ते मात्र तो सांगून गेलेला नाही.